पॉटबेली, दोंद आणि तोंद

इंग्रजीतला ‘पॉटबेली’ हा शब्द आमच्या मुलांच्या लवकर लक्षात राहतो, कारण त्यातला ‘पॉट’ म्हणजे आपले ‘पोट’च असे त्यांना वाटते. वहीत सर्रास ‘पोटबेली’ लिहिलेले सापडते. हा निव्वळ योगायोग. इंग्रजी पॉट म्हणजे मडके, बेलीचा जुना अर्थ पिशवी. आपले पोट आले प्राकृतातल्या ‘पोट्ट’वरून.

मी कॉटन ग्रीनला उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. उर्दूत तोंद, मराठीत दोंद. तोंद संस्कृत ‘तुंद’वरून आली आणि तोच तुंद मराठीच्या ‘तुंदिलतनू’त बसला आहे. फरक एवढाच, की तोंद ‘ती’ आणि दोंद ‘ते’. तोंद निघते, दोंद सुटते. एखादा मुलगा निबंधात ‘अब्बांचे तोंद मोठे आहे’ लिहितो आणि मराठी वाचणारा ते ‘तोंड’ समजतो. मग घरी काय होत असेल, अल्लाह जाणे!

इथवर गंमत आहे. पण शब्द वर्गात आला की सगळ्या नजरा एका बाकाकडे वळतात. काही शिक्षकही अर्थ सांगताना त्याच मुलाकडे बोट करतात. मला हे अजिबात मान्य नाही. एकमेकांना वाईट नावे ठेवू नका, हे सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट सांगितले आहे आणि आपण ते मुलांकडून पाठही करून घेतो. मी फळ्यावर सरळ मडके काढते.

शिवाय तो अर्थ अपुरा आहे. कुपोषणात हातापायांच्या काड्या होतात आणि पोट फुगते, त्यालाही इंग्रजीत पॉटबेलीच म्हणतात. मराठी इथे जास्त जपून बोलते. उपाशी लेकराला दोंद सुटले असे कोणी म्हणत नाही. पोटाचा नगारा झाला म्हणतात. ज्याला पॉटबेली म्हणजे फक्त जाडा शेट असे शिकवले, तो मुलगा भुकेल्या मुलाच्या फोटोलाही हसेल.

मोठ्यांचे उलटे. तोंद दिसली की ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून अजून कौतुक होते. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि बाईची 80 च्या पुढे गेली की डॉक्टर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका सांगतात. शिंप्याची टेप तर प्रत्येक मोहल्ल्यात मिळते.