सेवेच्या तासांचा हिशेब

मेरीलँडमध्ये राहणाऱ्या मराठी पालकांना '७५ तास' म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. तेथील सार्वजनिक शाळेतून बारावी पार करायची, तर ७५ तासांची समाजसेवा किंवा स्थानिक शिक्षण मंडळाने आखलेला मान्यताप्राप्त कार्यक्रम पूर्ण करावा लागतो. मग फूड बँक, ग्रंथालय, वृद्धाश्रम अशी शोधाशोध सुरू होते आणि सहीचा कागद हाती आला की घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढे हेच तास महाविद्यालयीन प्रवेशअर्जात भांडवल म्हणून मांडले जातात.

सक्तीची सेवा ही सेवा उरते का, असा प्रश्न यावर नेहमी विचारला जातो. त्याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे: विनामोबदला सेवेसाठी लागणारा वेळ मुळात परवडतो कुणाला? ज्याला संध्याकाळी दुकानात उभे राहून फी भरायची आहे, त्याच्यासाठी सेवा ही चैनीची गोष्ट ठरते.

या प्रश्नाचे एक ठोस उत्तर केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालयात सापडते. गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक जॉन फी यांनी १८५५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था स्वतःला ख्रिस्ती म्हणवते, मात्र कोणत्याही एका पंथाशी बांधलेली नाही. सारी मानवजात एकाच रक्ताची आहे, हे बायबलमधील सूत्र तिचे ब्रीद आहे. या ब्रीदाची किंमतही तिने मोजली. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांना एकत्र शिकवण्यास केंटकीने १९०४ मध्ये कायद्याने बंदी घातली, १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली आणि १९५० मध्ये कायदा बदलेपर्यंत संस्थेला आपल्याच तत्त्वाला मुरड घालावी लागली.

येथे १८९२ पासून शिकवणी शुल्क घेतले जात नाही. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांपैकी बहुतेक ॲपलाचियाच्या डोंगराळ, गरीब भागातून येतात आणि प्रत्येकाला आठवड्यातून किमान १० तास काम करावे लागते. कुणी इमारत झाडतो, कुणी शेतात राबतो, कुणी गावातील मुलांचा अभ्यास घेतो. या कामाचे वेतन मिळते आणि त्याचे मूल्यमापनही होते. म्हणजे समाजसेवा हा रविवारचा उपक्रम न राहता श्रमाच्या वेळापत्रकाचाच भाग होतो.

बॉनर शिष्यवृत्तीची सुरुवातही १९९० मध्ये येथेच झाली, हा योगायोग नव्हे. या योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थी वर्षाला २८० तास सेवा करतो आणि त्या बदल्यात त्याला शिक्षणासाठी आर्थिक साहाय्य मिळते. पुढे ही योजना अनेक महाविद्यालयांनी स्वीकारली. सेवेला पैसा चिकटला की ती अशुद्ध होते, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा. पैसा नसेल, तर सेवेचे पुण्य केवळ सुस्थितांच्याच वाट्याला येते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात त्यांनी सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. बेरियात वर्णभेद होता, साताऱ्यात जातिभेद. पण एकत्र राबलेले हात एकमेकांना अस्पृश्य राहत नाहीत, ही जाण दोन्हीकडे सारखीच होती.

अर्थात, बेरियाचे प्रारूप जसेच्या तसे उचलता येणार नाही. त्यामागे एक अब्ज डॉलरहून मोठा निधी उभा आहे. २०१७ च्या करकायद्याने विद्यापीठांच्या निधीवर कर बसवला, तेव्हा बेरियालाही त्याची झळ बसणार होती. २०१८ मधील दुरुस्तीमुळे ती टळली. इतरांचा आधार याहून डळमळीत आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकॉर्प्सचे सुमारे ४० कोटी डॉलरचे अनुदान अचानक थांबवण्यात आले आणि पुढे न्यायालयाने काही राज्यांपुरता दिलासा दिला. सरकारी मर्जीवर उभी असलेली सेवा किती सहज कोसळते, हे त्यावरून दिसले.

भारतातही हा प्रश्न आता दारात आला आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहेच. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने समाजसहभागाला श्रेयांक देण्याची दिशा आखली. हेतू चांगला आहे. पण श्रेयांक आले की प्रमाणपत्रे येतात, आणि पोटासाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्याला वेळच मिळाला नाही, तर खोट्या सह्याही येतात. दोष त्याचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक असेल.

परदेशस्थ मराठी व्यावसायिक आपल्या जुन्या महाविद्यालयाला देणगी देताना बहुधा इमारत, संगणक किंवा गुणवत्ता पारितोषिक निवडतो. त्याऐवजी एका गरजू विद्यार्थ्याच्या आठवड्यातील १० तासांची किंमत उचलता येईल. ते तास त्याने शेजारच्या वस्तीत चार मुलांना शिकवण्यात घालवावेत, आणि एक उन्हाळा नव्हे, तर पदवी मिळेपर्यंत. आपल्या घरातील ७५ तासांचा कागद भरतानाही एक प्रश्न मुलांना विचारण्यासारखा आहे: शेवटची सही झाल्यानंतरच्या आठवड्यात तू तिथे पुन्हा जाणार आहेस का?