अकुशल कोणाला म्हणता?

माणसासारख्या रोबोटचा नवा व्हिडिओ आला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘‘चला, असेंब्ली लाइनवरची अकुशल कामं संपली.’’ माझं भांडण रोबोटशी नाही. ‘अकुशल’ या शब्दाशी आहे.

भोकात खुंटी बसवणं हा स्वयंचलित जुळणीच्या संशोधनातला अगदी मूळ प्रश्न. दोहोंमधली फट अनेकदा केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. खुंटी जराशी तिरकी गेली की अडकते आणि जोर लावला की आणखी घट्ट रुतते. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या ड्रेपर प्रयोगशाळेत इंजिनिअरांनी याची रीतसर गणितं मांडली. उत्तर काय निघालं? रोबोटच्या मनगटात रबर आणि धातूच्या थरांचा एक लवचीक जोड बसवायचा. खुंटी कडेला टेकली की त्या जोडामुळे ती आपसूक सरकते, वळते, सरळ होते. त्या जोडात सॉफ्टवेअरची एक ओळही नाही! (आम्हा कोडवाल्यांना हे जरा झोंबतं.) जपानमध्ये यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८मध्ये केलेल्या स्कारा रोबोटचं मर्मही तेच. उभ्या दिशेने ताठ, आडवा थोडा सैल.

म्हणजे एवढ्या खटाटोपातून हाती लागली ती मनगटाची ढील. बेअरिंग बसवणारी मुलगी तीच ढील शिफ्टभर वापरते, शेजारणीशी बोलता बोलता. वायरची गोष्ट तर आणखी अवघड. ती दर वेळी वेगळी वाकते, म्हणून गाड्यांचे वायरिंग हार्नेस आजही मुख्यतः हातांनीच बनतात. टेस्लाच्या कारखान्यात यंत्रांचा अतिरेक झाला ही आपली चूक होती, असं इलॉन मस्कनेच २०१८मध्ये कबूल केलं.

पाठ मोडणारी कामं यंत्राने जरूर घ्यावीत, त्यावर वाद नाही. पण किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे रकाने असतात आणि ही पोरं-पोरी ‘हेल्पर’ म्हणून अनेकदा पहिल्याच रकान्यात पडतात. जे काम यंत्राला शिकवायला डॉक्टरेटवाले लागतात, ते करणारा माणूस अकुशल कसा?

आता तर माणसांच्या हातांच्या हालचाली टिपून त्यावरून रोबोटला शिकवण्याचं संशोधन जोरात आहे. मग कॅमेरे घेऊन लाइनवर जाताना त्या मुलीला शिकवणीचे किती पैसे देणार, तेवढं आधी सांगा.