सहातला एक रुपया

दोस्तांनो, हिशेब साधा आहे. सरकारने 2025 साली पीएम-सेतू नावाची योजना काढली. 1,000 सरकारी आयटीआय सुधारायच्या, खर्च 60,000 कोटी. त्यात केंद्राचे 30,000, राज्यांचे 20,000 आणि उद्योगपतींचे 10,000. गोदीतला अंगठाबहाद्दर हमालसुद्धा सांगेल, सहातले पाच ज्याचे त्याची गाडी. इथं उलटं. मालकी सरकारची, कारभार उद्योगांचा. एक रुपया टाकणारा शेठ स्टेअरिंगवर आणि पाच टाकणारी जनता टपावर!

हे काय आजचं नाही. 2007 सालच्या योजनेत 1,396 सरकारी आयटीआय अशाच भागीदारीत सुधारायला घेतल्या. प्रत्येकीच्या कमिटीला अडीच कोटी बिनव्याजी कर्ज, कमिटीचा अध्यक्ष कारखानदार, आणि 20 टक्के जागा कुणाला द्यायच्या ते तीच कमिटी ठरवणार. आमच्या चाळीत सावकार बिनव्याजी दमडी सोडत नाही. आणि कमिटीच्या हातातल्या त्या 20 टक्क्यांत कुणाचा भाचा बसतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

आता 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा उघडा. कलम 18. शिकाऊ हा कामगार नाही, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. अपघात, आरोग्य, कामाचे तास एवढीच काय ती सोय ठेवलीय. म्हणजे मशीन तेच, घाम तोच, फक्त नाव बदललं की मजुरी स्टायपेंड होते. वर 2016 च्या योजनेत त्या स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिना 1,500 पर्यंत, सरकारने उचलला. महाराष्ट्राने 2024 मध्ये कडी केली. बारावीला 6,000, आयटीआयवाल्याला 8,000, पदवीधराला 10,000, सगळं तिजोरीतून. शेठला माणूस फुकट. (आम्ही मॅट्रिकवाले त्यातही बसत नाही, ते सोडा.)

कुणी म्हणेल, पोरं काम शिकतात, तुमच्या पोटात का दुखतं? साला, शिकायचं तर आम्हालाच आहे! बापाच्या पाठीवरची गोण कंटेनरने नेली, तेव्हा क्रेनच्या केबिनमध्ये बापाला कुणी चढवलं नाही. पण गटारात उतरायला आमच्या माणसाला कधी सर्टिफिकेट मागितलं? ते म्हणे आम्हाला जन्मतःच येतं. कौशल्य कशाला म्हणायचं हे मालकाने ठरवायचं, म्हणजे जातीने ठरवायचं.

त्याच कायद्यात 1973 साली कलम 3अ घातलं. अनुसूचित जाती-जमातींना शिकाऊच्या जागा राखीव. किती कंपन्यांच्या गेटवर त्याची यादी लागलेली पाहिलीत?

म्हणून येत्या प्रवेशाच्या वेळी आपापल्या आयटीआयच्या दारात जा. कमिटीवर कोण, कर्जाचं काय केलं, राखीव जागांवर किती पोरं घेतली आणि मुदत संपल्यावर किती कायम केली, विचारा. उत्तर देत नसतील तर माहितीचा अधिकार लावा. जे हाती येईल ते इकडे पाठवा, पुढच्या अंकात कंपनीच्या नावानिशी छापू.