पहिले महायुद्ध आणि डॉक्टरची साक्ष

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा नेहमीच्या वैद्यकीय विषयाऐवजी इतिहासाकडे वळावेसे वाटले. बेळगावच्या कॅम्प भागात सकाळी फिरायला जाण्याचा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातील तरुणांच्या कवायतीचा आवाज कानी पडला की, याच परंपरेतील जे शिपाई पहिल्या महायुद्धात दूरदेशी गेले आणि परतले नाहीत, त्यांची आठवण होते. ते युद्ध का झाले आणि त्याने समाजाचे काय केले, याचा विचार मी इतिहासकार म्हणून नव्हे, तर एक सामान्य डॉक्टर म्हणून करत आलो आहे.

रोगाचे तात्कालिक कारण वेगळे आणि मूळ कारण वेगळे, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिप या तरुणाने ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडली, हे तात्कालिक कारण. परंतु युरोपची प्रकृती त्याआधीच बिघडलेली होती. वसाहतींची हाव, आरमार वाढवण्याची चढाओढ, बाल्कन प्रदेशातील धुमसता राष्ट्रवाद आणि एकमेकांच्या भीतीतून झालेले लष्करी करार, ही तिची लक्षणे होत. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन दिले. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि ३० जुलैला रशियाने सर्व सैन्य सज्ज करण्याचा हुकूम काढला. आधी फ्रान्सचा झटपट पराभव करावा आणि मग रशियाकडे वळावे, अशी जर्मनीची योजना होती. ती आगगाड्यांच्या वेळापत्रकाला इतकी जखडलेली होती की, मुत्सद्द्यांना विचार करायला अवधीच उरला नाही. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि ब्रिटन युद्धात उतरले. ब्रिटनपाठोपाठ, कोणी न विचारता, हिंदुस्थानही!

दोष कोणाचा, यावर विद्वानांचे एकमत नाही. फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने १९६१ साली मुख्य जबाबदारी आपल्याच देशावर टाकली. ख्रिस्तोफर क्लार्क यांनी २०१२ मध्ये ती अनेक राजधान्यांत वाटून दिली. मला मात्र या सर्वांत एक समान दोष दिसतो. प्रत्येक सरकारने आपल्या जनतेला सांगितले की, आपण केवळ स्वसंरक्षणासाठी लढत आहोत. आणि स्वतः पडद्याआड काय केले, ते प्रत्येकाने लपवले. युद्धाची इतर कारणे मी नाकारत नाही. परंतु लपवलेला आजार बळावतो, हा आपला रोजचा अनुभव राष्ट्रांनाही लागू पडतो, असे माझे मत आहे.

लपवण्याची ही सवय रणांगणावरील जखमींच्या अंथरुणापर्यंत कशी पोहोचली, याचे उदाहरण आपल्याच शिपायांच्या वाट्याला आले. पर्शियन आखातातील तेलाच्या रक्षणासाठी १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानातून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सैन्य उतरवण्यात आले. त्यातील सहाव्या, म्हणजेच ‘पूना’ डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे घनघोर लढाई होऊन सुमारे साडेचार हजार माणसे मृत वा जखमी झाली. वैद्यकीय तयारी अगदीच अपुरी होती. हाडे मोडलेल्या माणसांना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून खडबडीत वाटेने नदीकाठी आणले गेले आणि तेथून बोटींवर दाटीवाटीने चढवून बसऱ्याकडे पाठवले गेले.

इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर तेव्हा बसऱ्याला एका रुग्णनौकेवर होते. जखमींनी भरलेली एक बोट येताना त्यांना तिच्या कडेला दोरखंडासारखे काही लोंबताना दिसले. जवळ आल्यावर कळले की, ती वाळलेली विष्ठा होती. आत शेकडो जखमी आपल्याच मलमूत्रात पडलेले होते आणि कित्येकांच्या जखमांवरील पट्ट्या कित्येक दिवसांत बदललेल्या नव्हत्या. वरिष्ठांकडे मात्र व्यवस्था उत्तम असल्याची तार गेली होती! कार्टर यांनी जे पाहिले, ते लेखी कळवले. शाबासकी तर दूरच, लुडबुड्या म्हणून त्यांची संभावना झाली आणि पदावरून दूर करण्याची धमकी मिळाली. ते बधले नाहीत. पुढे नेमलेल्या मेसोपोटेमिया आयोगाने १९१७ च्या अहवालात त्यांचे म्हणणे ग्राह्य धरले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

टेसिफॉनहून माघार घेतलेली डिव्हिजन कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. तेथील आजारांची नोंद आपल्या व्यवसायबंधूंना उद्बोधक वाटेल. पांढरा पाव खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांत बेरीबेरी पसरली, तर कोंड्यासह दळलेले पीठ खाणारे हिंदी शिपाई तिच्यातून बचावले. पण भाजीपाला व ताज्या मांसाअभावी स्कर्व्हीने त्यांना गाठले. २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने शरणागती पत्करली. पुढे कैदेत पायपीट, उपासमार आणि रोगराई यांनी हजारोंचा बळी घेतला. त्याच्या आदल्याच दिवशी, २८ एप्रिलला, आपल्या बेळगावात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने होमरूल लीग स्थापन झाली होती. साम्राज्यासाठी रक्त सांडणाऱ्यांना स्वतःच्या देशात अधिकार का नसावा, हा प्रश्न आता दडपता येण्याजोगा राहिला नव्हता. युद्ध संपल्यावर उत्तरादाखल आधी रौलट कायदा आणि मग १३ एप्रिल १९१९ चे जालियनवाला बाग मिळाले, हे सर्वज्ञात आहे.

या युद्धात ९० लाखांहून अधिक सैनिक मेले; त्यांत हिंदी सैनिक ७४ हजारांच्या आसपास होते. चार साम्राज्ये लयाला गेली. मनाने खचलेल्या सैनिकाला ‘शेल शॉक’ झाला आहे, असे म्हणण्याऐवजी पुष्कळदा भेकड ठरवले गेले. पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना ब्रिटनने २००६ मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी, माफी दिली. निदान चुकले की शिक्षा रुग्णाला होते, ती अशी.

सर्वांत मोठा आघात मात्र तोफांनी केला नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या बातम्या लढणाऱ्या देशांनी दाबल्या. तटस्थ स्पेनमध्ये त्या छापून आल्या, म्हणून आजाराला त्या बिचाऱ्या देशाचे नाव चिकटले. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवरील पोलीस शिपाई तापाने फणफणले आणि शरद ऋतूपर्यंत साथ देशभर पसरली. पाऊस रुसलेला, धान्य महागलेले आणि कितीतरी डॉक्टर युद्धकार्यात गुंतलेले. मृतांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या १९११ ते १९२१ या एकाच दशकात घटली, हे जनगणना सांगते.

हे सारे लिहिताना मला स्वतःची एक गोष्ट टाळता येत नाही. पस्तीसएक वर्षांपूर्वी मी एका लहान गावी प्रॅक्टिस करत होतो. उन्हाळ्याच्या अखेरीस जुलाब-उलट्यांची साथ आली. जत्रा तोंडावर होती. गावातील एक वजनदार गृहस्थ रात्री घरी आले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, कॉलरा हा शब्द तेवढा लिहू नका. जत्रा मोडेल, गरिबांचे पोट बुडेल.” मी ‘गॅस्ट्रो’ लिहून मोकळा झालो आणि वर काही कळवले नाही. आठवड्याभरात शेजारच्या गावांतून रुग्ण येऊ लागले. त्यांतील एका आजीबाईंना सलाईन लावेपर्यंत त्या गेलेल्या होत्या. मला कोणीही जाब विचारला नाही. कार्टर यांच्याविषयी वाचले, तेव्हा तो मी स्वतःलाच विचारला.

महायुद्धे थांबवणे आपल्या हाती नाही. मात्र मृत्यूच्या दाखल्यावर खरे कारण लिहिणे, साथीची खबर वेळेवर देणे आणि ज्याचे दुखणे मनाचे आहे त्याला भेकड न म्हणणे, एवढे तर आपल्या हाती आहे. कार्टर यांच्याजवळ निर्भयता होती. माझ्याजवळ त्या रात्री ती नव्हती. सगळेच कार्टर नसतात. म्हणूनच आपल्या संघटनेकडे माझे एक मागणे आहे: एखाद्या तरुण सहकाऱ्याने गैरसोयीचे सत्य लिहिले आणि त्याच्यावर दडपण आले, तर त्याला एकटे पडू देऊ नये. त्या रात्री माझ्या पाठीशी चार ज्येष्ठ डॉक्टर उभे असते, तर मी वेगळा शब्द लिहिला असता, असे मला आजही वाटते.