हंगाम चुकला की पीक वाळणारच

एरिक बॅरोन यांच्या २०१६ च्या ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या व्हिडिओ गेमवर जुनी तक्रार आहे: २८ दिवसांचा हंगाम संपला की त्या हंगामाचं उभं पीक एका रात्रीत वाळतं. करमणुकीत ही सक्ती कशाला? पण मुदत काढली, तर बारा दिवसांचा फ्लॉवर लावायचा की चार दिवसांत येणारं कंदमूळ, हा पेचच संपतो. उरतं नुसतं बटण दाबणं. मृग कोरडा गेला की मूग-उडीद सोडून सोयाबीन-तुरीचं गणित मांडणाऱ्या बीडकराला हे सांगायला नको. त्याला तर हा गेम सैलच वाटेल, कारण तिथे तळं आटत नाही. हंगाम नकोच असणाऱ्यांसाठी हरितगृह आहे, फक्त ते आधी कमवावं लागतं.