ॲम्प एकदाच, कॅबिनेट एकदाच

विरारच्या फुलपाडा, मनवेलपाडा, चंदनसार या पट्ट्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांना स्टेज देणाऱ्या मंडळांना चार शब्द सांगायचे आहेत. विषय आहे दुकानदार ज्याला सरसकट ‘प्रोसेसर’ म्हणतो तो डिजिटल मॉडेलर. तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. हेडफोनवर गिटार झकास वाजते, घरच्या ॲम्पला लावली की दबते, मंडळाच्या साउंडवर गेली की किरकिरते. मग मशीन बदलायचं ठरतं आणि घरच्यांकडे पैशाचा विषय निघतो. तेवढं थांबा. बहुतेक वेळा मशीन धडधाकट असतं, चूक जोडणीत असते.

हे यंत्र आपल्यासाठी सोयीचं आहे, यात वाद नाही. व्हॉल्व्हचा अवजड ॲम्प घेऊन संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चढून दाखवा! आणि चढलात तरी तो चाळीत किंवा वन-रूम-किचनमध्ये मोकळेपणी वाजवणार कसा? रोलँडचं व्हीजी-८ १९९५ मध्ये आलं, लाइन सिक्सचं पॉड १९९८ मध्ये, फ्रॅक्टलचं ॲक्स-एफएक्स २००६ मध्ये, केम्पर २०११ मध्ये. आज हीच करामत पाठीवरच्या सॅकमध्ये मावणाऱ्या डब्यात मिळते. संगणक असेल तर न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. म्हणजे साधनांची वानवा राहिलेली नाही. ती वापरायची कशी, हे मात्र दुकानात कुणी सांगत नाही.

आधी डब्यात काय असतं ते समजून घ्या. गिटारचा आवाज त्यात तीन टप्प्यांतून जातो: इफेक्ट, ॲम्प आणि कॅबिनेट. यातला कॅबिनेट सर्वांत दुर्लक्षित. गिटारसाठी बनवलेला बारा इंची स्पीकर साधारण ७५ हर्ट्झपासून ५,००० हर्ट्झपर्यंतच नीट बोलतो, त्यावरचं बरंचसं गिळून टाकतो. डिस्टॉर्शनमधली करकर नेमकी त्या वरच्या पट्टीत असते, म्हणून गिटार ॲम्पमधून ती गोड लागते. मंडळाचे मोठे स्पीकर आणि हेडफोन मात्र त्याच्या कितीतरी वरपर्यंत सगळं ऐकवतात. मॉडेलरमधला कॅबिनेट म्हणजे एका ठरावीक स्पीकरसमोर ठरावीक जागी ठरावीक माइक ठेवून घेतलेला ध्वनीचा ठसा. त्याची फाइल ‘आयआर’ या नावाने मिळते. हा ठसा बंद असेल आणि पुढे मोठे स्पीकर असतील, तर आवाज किरकिरणार. तो चालू असेल आणि पुढे खरा गिटार स्पीकर असेल, तर आवाज दोनदा गाळला जाऊन घोंगडीखालून आल्यासारखा वाटणार.

म्हणून नियम एकच. गिटारपासून श्रोत्याच्या कानापर्यंतच्या साखळीत ॲम्प एकदाच यावा, कॅबिनेट एकदाच यावा. हा नियम धरून एकेक जोडणी पाहू.

घरी छोटा गिटार ॲम्प आहे आणि पुढच्या इनपुटलाच मॉडेलर लावायचा आहे, तर मॉडेलरमधले ॲम्प आणि कॅबिनेट दोन्ही बंद करा आणि फक्त इफेक्ट वापरा. ॲम्प क्लीन चॅनेलवर ठेवा. ॲम्पच्या मागे ‘इफेक्ट रिटर्न’ असेल तर मॉडेलर तिथे लावा. तिथून ॲम्पचा पुढचा भाग वगळला जातो. मग मॉडेलरमधला ॲम्प चालू ठेवा, कॅबिनेट तेवढा बंद, कारण स्पीकर समोर आहेच. तुमचा ॲम्प स्वतःच मॉडेलिंगचा असेल तर त्याचाही सर्वांत साधा क्लीन आवाज निवडा. आणि एक धोक्याची गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ॲम्पच्या ‘स्पीकर आउट’ची वायर मॉडेलरला किंवा मिक्सरला कधीही लावू नका, मशीन जळेल. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता चालवू नका. बहुतेक मॉडेलरमध्ये स्पीकर हलवण्याइतकी ताकद नसते. नुसत्या कॅबिनेटला लावून आवाज येत नसेल तर मशीन बिघडलेलं नाही, मधे पॉवर ॲम्प हवा आहे.

मंडळाच्या किंवा हॉलच्या मिक्सरमध्ये जायचं असेल तर मॉडेलरमधले ॲम्प आणि कॅबिनेट दोन्ही चालू. साउंड मोनो असेल, आपल्याकडे बहुधा असतोच, तर एकच वायर ‘लेफ्ट-मोनो’मधून द्या. नाहीतर डावीकडचा डिले ऐकू येईल आणि उजवीकडचा हवेत विरेल. मशीनला एक्सएलआर आउट असेल तर ती थेट वापरा, पण साउंडवाल्याला सांगून त्या चॅनेलची ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद करून घ्या, कारण काही मशीनना ती सोसत नाही. साधा जॅक असेल तर मधे डीआय बॉक्स, म्हणजे जॅकची वायर मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवून देणारा डबा, लावा. चॅनेलचा ईक्यू सपाट ठेवून सुरुवात करा. मॉडेलरमध्येच ८०-१०० हर्ट्झखालचा आवाज कापा, कारण ती जागा बास आणि ढोलाची आहे. ६,०००-७,००० हर्ट्झच्या वरचाही थोडा कापा.

गल्लीतल्या छोट्या कार्यक्रमात अहुजाचा ॲम्प्लिफायर आणि भोंगे मिळाले तर नाक मुरडू नका. भोंग्यातून खालचे सूर जवळपास येतच नाहीत आणि मधली पट्टी अंगावर येते. तिथे ऑक्स इनपुटला लावा, गेन निम्मा करा, रिव्हर्ब जवळजवळ शून्यावर आणा आणि मधली पट्टी थोडी उतरवा. सूर स्पष्ट ऐकू आले म्हणजे जिंकलात.

चर्चच्या क्वायरमध्ये वाजवणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. चर्चच्या उंच छताखाली आवाज मुळातच घुमतो. त्यात मशीनचा रिव्हर्ब घालणं म्हणजे एकाच वरणाला दोनदा फोडणी. रिव्हर्ब बंद ठेवा, गाणाऱ्यांचे शब्द ऐकू येऊ द्या.

घरच्या रेकॉर्डिंगसाठी स्पीकरसमोर मोबाइल ठेवून आवाज पकडण्याची गरज नाही. आजच्या बहुतेक मॉडेलरला यूएसबी असते. एक वायर संगणकाला लावा, काम झालं. सॅम्पल रेट मशीनच्याच आकड्यावर ठेवा, बऱ्याच मशीनचा तो ४८ किलोहर्ट्झ असतो. बफर १२८ सॅम्पलचा ठेवलात तर एका बाजूचा उशीर सुमारे २.७ मिलिसेकंद होतो. खोलीत एक मीटर दूर ठेवलेल्या स्पीकरचा आवाजही जवळपास तेवढ्याच वेळाने कानाशी पोहोचतो, त्यामुळे तो जाणवत नाही. ब्लूटूथ हेडफोनचा किंवा स्पीकरचा उशीर मात्र सहज १५० मिलिसेकंदांवर जातो. म्हणजे ॲम्प पन्नास मीटरवर ठेवून वाजवल्यासारखं. ब्लूटूथवर ताल कधीच जमणार नाही. वायरचाच हेडफोन घ्या. रेकॉर्डिंगच्या पातळीचं सर्वांत वरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागेपर्यंत वाढवून काही मिळत नाही. मशीनला सोय असेल तर गिटारचा कोरा आवाजही शेजारच्या ट्रॅकवर घ्या, म्हणजे उद्या टोन बदलावासा वाटला तर पुन्हा वाजवावं लागणार नाही. आणि इथेही तोच नियम: मशीनमधला ॲम्प रेकॉर्ड झाला असेल तर संगणकात त्यावर दुसरा ॲम्प लावू नका.

आता आवाजाच्या मोठेपणाविषयी. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, मोठ्या आवाजात तेच ठळक होतात. म्हणून रात्री हेडफोनवर हळू आवाजात, बास वाढवून वाढवून बनवलेला पॅच (मशीनमध्ये साठवलेला टोन) स्टेजवर गडगडतो आणि टोचतो. स्टेजचा पॅच तालमीच्या खोलीत, बँडसोबत, खऱ्या आवाजात ठरवा. मशीनमध्ये शेकडो पॅच भरून येतात. तुम्हाला चार पुरतात: क्लीन, क्रंच, लीड आणि एखादा खास. चारही सारख्या आवाजाचे करा, लीड फक्त किंचित वर.

तालमीची वेळही पाळा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. मॉडेलर घेतलाय तो याचसाठी. दहानंतर वायरचा हेडफोन लावा. कानही जपा, तासाभराने विश्रांती घ्या.

शेवटी सर्वांत गंभीर बाब: वीज. मशीन घरघरलं की काही जण ॲडाप्टरची किंवा ॲम्पची तिसरी पिन मोडून टाकतात. घरघर थांबते आणि जिवाला धोका सुरू होतो. हातात गिटारच्या तारा आणि ओठाशी माइक असताना अर्थिंग नसेल, तर झटका थेट छातीतून जाऊ शकतो. पावसाळ्यात ओल्या मांडवात तर हा धोका दुप्पट. घरघर घालवायची असेल तर डीआय बॉक्सवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण दाबा आणि सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा. पिनला हात लावू नका. ॲडाप्टरही मशीनसोबत आलेलाच वापरा. नऊ व्होल्ट लिहिलेले सगळे सारखे नसतात, कशात ध्रुव उलटे असतात तर कशात करंट कमी पडतो.

मंडळांना विनंती आहे. मांडवाच्या जोडणीत चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. एक डीआय बॉक्स कायमचा ठेवा. वादकांना कार्यक्रमाआधी दहा मिनिटं चेक द्या, ‘हॅलो हॅलो’ माइकपुरतं ठेवू नका. साउंडवाल्या दादांनाही सांगणं आहे की गिटारवाला पोरगा वायर घेऊन आला तर त्याला आधी विचारा, ‘कॅबिनेट चालू आहे का?’ त्या एका प्रश्नाने अर्धी भांडणं मिटतील.

पालकांनो, मुलाने नवं मशीन मागितलं तर नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. आधी त्याला जुनंच मशीन वरच्या नियमाने जोडून दाखवायला सांगा. तरीही आवाज पटला नाही, तर चांगला वायरचा हेडफोन आणि दोन धड वायरी घेऊन द्या. बहुतेक घरांत खरेदी तिथेच संपेल, आणि उरलेले पैसे गिटारच्या क्लासला लागतील.