साप चावला, पण कुठे?

खरीप अंगावर आला की ताडकळस आणि पूर्णा तालुक्यातल्या गावांमधून सर्पदंशाचे रुग्ण दवाखान्यात येऊ लागतात. डॉक्टर विचारतात, ‘कुठे चावला?’ सोबतचा माणूस सांगतो, ‘पायाला.’ केसपेपरवर तेवढेच उतरते : सर्पदंश, उजवा पाय, वेळ, दिलेली लस, गरज पडली तर परभणी किंवा नांदेडला रेफर. सोयाबीन खुरपताना चावला, की घरात जमिनीवर झोपलेला असताना, हे लिहायचे राहून जाते. त्या क्षणी त्यावाचून काही अडतही नाही.

अडते ते नंतर, मोजदादीच्या वेळी. जागतिक आरोग्य संघटनेचे ‘आयसीडी’ हे आजारांचे वर्गीकरण जगभर वापरले जाते. भारतात मृत्यूच्या कारणांची आकडेवारीही त्याच्याच दहाव्या आवृत्तीनुसार तयार होते. या वर्गीकरणात प्रत्येक दुखापतीला दोन संकेतांक लागतात. शरीराला काय झाले, हा पहिला. ते कशामुळे झाले, हा दुसरा. मांडीचे हाड मोडले तर एस७२. पण ते झाडावरून पडून मोडले तर डब्ल्यू१४, आणि शेतात ट्रॅक्टर उलटून मोडले तर व्ही८४. अस्थिरोगतज्ज्ञाला एस७२ पुरतो. अपघात टाळायचा असेल, तर दुसऱ्या संकेतांकाशिवाय गत्यंतर नाही.

अमेरिकेने स्वतःसाठी वाढवलेल्या आवृत्तीत मकाव पोपटाची धडक बसल्याचाही स्वतंत्र संकेतांक आहे आणि त्यावर भरपूर विनोद झाले आहेत. हसायला हरकत नाही. पण साध्या सर्पदंशाचा संकेतांक पाहिला, तर या खटाटोपाचा उपयोग कळतो. विषारी साप चावला की एक्स२०. त्यापुढे ठिकाणाचा एक आकडा जोडायचा असतो : घर असेल तर ०, शेत असेल तर ७, माहीत नसेल तर ९. मण्यार बहुधा रात्री, घरात झोपलेल्या माणसाला चावतो; खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा उपाय. घोणस बांधावर, काडीकचऱ्यात, गवतात भेटते. तिथे गमबूट आणि बॅटरी उपयोगाची. आयसीडीचा एक्स२० सापासापांत फरक करत नाही, हा त्याचा दोषच आहे. तरी पुढचा एक आकडा भरला गेला, तर तालुक्यात मच्छरदाण्या वाटायच्या की गमबूट, याचा अंदाज येतो. सगळीकडे ९ पडला, तर येत नाही.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तो प्रामुख्याने घरोघरी जाऊन, मृताच्या नातेवाइकांना विचारून काढावा लागला. सरकारी दवाखान्यांच्या नोंदींत त्यातला अगदी थोडा भाग दिसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळवले. पाऊल योग्य आहे. पण सक्ती संख्या वाढवील. रकाना कोण भरणार, हा प्रश्न तसाच राहील.

कीटकनाशकांच्या बाबतीत प्रकरण याहून नाजूक आहे. विषबाधेला एक संकेतांक, आणि कारणासाठी वेगवेगळे पर्याय. अपघाताने झाली तर एक्स४८, स्वतःहून घेतले तर एक्स६८, ठरवता आले नाही तर वाय१८. फवारणीतल्या विषबाधेत अंगावरचे कपडे काढून साबणाने धुवावे लागते, प्यायलेले असेल तर पोट धुण्याचा विचार करावा लागतो. तेवढ्यापुरते डॉक्टर विचारतात. ॲट्रोपिन सुरू झाले की हेतू विचारायला वेळ नसतो. ‘विषबाधा’ हा एकच शब्द पुढे पोलिसांच्या कागदांत, मृत्यूच्या दाखल्यात आणि तहसीलमध्ये फिरत राहतो.

त्या एका शब्दाची किंमत मोठी असू शकते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात; आत्महत्येला मिळत नाहीत. उलट बाजूही आहे. घरचे कधी कधी ‘फवारताना झाले’ असे सांगतात, कारण गावात तोंड दाखवायचे असते आणि पोलिसांची भीती असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल खटला भरण्याची वाट जवळपास बंद केली, हे अजून अनेक घरांत पोहोचलेलेच नाही. डॉक्टरने न्यायाधीश व्हावे, असे कोणी म्हणत नाही. वाय१८ हा पर्याय त्यासाठीच ठेवला आहे. मात्र ‘विचारले, ठरवता आले नाही’ आणि ‘विचारलेच नाही’ यांत फरक आहे, आणि आज दोन्ही गोष्टी एकाच ढिगात पडतात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दवाखान्यात दाखल झाले. वीसहून अधिक दगावले. तो अपघात म्हणून सरकारला दिसला, तो एकाच भागात एकाच वेळी इतके रुग्ण आल्यामुळे. परभणी जिल्ह्यातही कपाशी आहे, फवारणीचे पंप आहेत. दर आठवड्याला एखादाच रुग्ण येत असेल आणि कागदावर नुसते ‘विषबाधा’ असेल, तर तो फवारणीचा बळी म्हणून कोणालाही दिसणार नाही.

दवाखान्यातल्या मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४ मध्ये दिला जातो. त्यात मृत्यूचा प्रकार आणि ‘दुखापत कशी झाली’ असे विचारलेले आहे. तरी अनेक दाखल्यांवर कारण म्हणून ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ एवढेच येते. ते तर प्रत्येक मेलेल्या माणसाचे होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सरकारी आणि खासगी, सर्वच रुग्णालयांना तिथे झालेल्या मृत्यूच्या कारणाचा दाखला मोफत देणे बंधनकारक आहे. दाखले वाढतील, त्यांतली कारणे सुधारण्यासाठी शिकाऊ डॉक्टरांना तो नमुना खऱ्या केसपेपरवरून भरायला बसवावे लागेल. संकेतांक टाकणारा कर्मचारी कागदावर नसलेले लिहू शकत नाही.

अकरावी आवृत्ती आली, संगणक आले, तरी ही माहिती सुरुवातीला एकाच माणसाकडे असते : रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात आणणाऱ्याकडे. साप बांधावर होता की अंथरुणात, पंप पाठीवर होता की बाटली हातात, हे त्याने पाहिलेले असते. केसपेपर लिहिला जात असताना तो टेबलाशेजारीच उभा असतो. रुग्ण नांदेडला पोहोचेपर्यंत सोबतची माणसे बदललेली असतात, आणि तो सकाळी जनावरांना वैरण टाकायला गावी परतलेला असतो.